पटेल आणि पाटील : एका ग्रामाधिकाराच्या नांवाची कुळकथा

आडनांवावरून कुळाचा शोध घेण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. आडनांव सारखें दिसलें कीं मनुष्य लागलीच नातें जोडूं पाहतो, आणि तें निराळें असलें कीं शेजारच्या घराशींहि आपला कांहीं संबंध नसावा असें धरून चालतो. हे दोन्ही तर्क किती फसवे असतात हें पाहावयाचें असेल, तर पनवेल तालुक्यांतील खारघराएवढें सोयीचें ठिकाण क्वचित् सांपडेल. शीव-पनवेल रस्त्याच्या बाजूस, डोंगराच्या पायथ्याशीं वाढलेल्या या शहराच्या पोटांत खारघर, बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे अशीं जुनीं गांवें आहेत. तेथील मूळच्या आगरी वस्तींत पाटील, ठाकूर, म्हात्रे, घरत हीं आडनांवें घरोघरीं आढळतात. गांवठाणाबाहेरच्या उंच इमारतींत जी नवी वस्ती आली, तींत गुजराती कुटुंबेंहि आहेत, आणि त्यांच्या दारांवर 'पटेल' ही पाटी वारंवार दिसते.

पटेल हें गुजरातेंतील अत्यंत प्रचलित आडनांव. पाटील हें महाराष्ट्रांतील तसेंच. दोन्ही एकाच शब्दाचीं रूपें होत. परंतु गांवठाणांतील पाटील आणि इमारतींतील पटेल यांच्यांत या शब्दामुळें रक्ताचा धागा सिद्ध होत नाहीं. उलट, ज्यांच्या आडनांवांत अक्षराचेंहि साम्य नाहीं, ते पाटील आणि त्यांचे शेजारी म्हात्रे हे आडनांवाच्या मूळ अर्थानें एकमेकांच्या फार जवळचे आहेत. हें असें कां झालें, हेंच प्रस्तुत लेखांत थोडक्यांत पाहावयाचें आहे.

पाटील या शब्दाचें मूळ संस्कृत ताम्रपटांतील 'पट्टकिल' या अधिकारवाचक शब्दांत आहे, असें विद्वान् मानतात. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील दानपत्रांत, दान दिलेल्या गांवच्या लोकांस राजाज्ञा कळवितांना गांवचे पट्टकिल व इतर रहिवासी यांना उद्देशून लिहिण्याची रीत दिसते. 'पट्ट' या शब्दास लेखी सनद आणि जमिनीचा पट्टा असे दोन्ही अर्थ आहेत. तेव्हां गांवच्या जमिनीचा पट्टा ज्याच्या हातीं तो पट्टकिल, असा त्याचा अर्थ लावतात. पुढें उच्चारांत मधला ककार झिजला, आणि उरलेल्या स्वरांचा मिलाफ गुजरातींत 'पटेल' असा झाला, मराठींत 'पाटील' असा झाला. गुजरातेंत 'पाट' म्हणजे जमीन आणि तिचा लेख ठेवणारा तो 'पाटलिख', अशीहि एक व्युत्पत्ति सांगतात. ती लोकांनीं मागाहून जुळविलेली दिसते. पण कामाचें स्वरूप तिनेंहि तेंच सांगितलें आहे.

राजाच्या दानपत्रांत या खेड्यांतल्या माणसाचा उल्लेख कां यावा, याचा विचार केला पाहिजे. दान राजाचें असे, परंतु कोणत्या शेताचा बांध कोठें संपतो हें राजास ठाऊक नसे. तें ज्यास ठाऊक, त्याला सांगितल्यावांचून राजाज्ञेस जमिनीवर पाय ठेवतां येत नसे. दक्षिणेंतील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत अशाच ठिकाणीं 'ग्रामकूट' आणि 'महत्तर' असे शब्द येतात. ग्रामकूट म्हणजे गांवचा मुख्य, आणि महत्तर म्हणजे गांवांतील वडीलधारे, मान्यवर गृहस्थ. या महत्तरापासूनच आपला 'म्हातारा' हा शब्द आला आणि त्यापासूनच उत्तर कोंकणांतील 'म्हात्रे' हें आडनांव. तेव्हां खारघरच्या एकाच आळींत राहणारे पाटील आणि म्हात्रे हीं एकाच ग्रामव्यवस्थेंतील दोन जुन्या पदांचीं नांवें आहेत.

मराठी राज्यांतील पाटील हा नुसता वसुलदार नव्हता. सरकारचा धारा गोळा करून देणें हें त्याचें मुख्य काम खरें. पण पडीत जमीन लागवडीस आणणें, पळून गेलेल्या कुळास कौल देऊन परत बोलावणें, चोरीचा माग काढणें, गोतसभेंत बसून तंट्याचा निवाडा करणें, हींहि कामें त्याच्याकडे असत. जुन्या कागदांत त्यास 'मोकदम' असेंहि म्हटलेलें आढळतें. लेखणीच्या कामास कुलकर्णी, मदतीस चौगुला, आणि गांवच्या सीमेचा साक्षीदार म्हणून महार, असा त्याचा परिवार होता. मोबदल्यादाखल इनाम जमीन, हक्क आणि मानपान मिळत. होळीची पहिली पूजा कोणाची, पोळ्याच्या मिरवणुकींत पुढचा बैल कोणाचा, यावरून भाऊबंदांत पिढ्यान् पिढ्या तंटे चालत. कारण त्या मानावरून वडीलकी ठरे, आणि वडीलकीवरून वतन ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत या सर्व व्यवस्थेचें जें बारकाईचें वर्णन आहे, तें आजहि वाचण्यासारखें आहे.

या पदाची प्रतिष्ठा एवढी होती कीं, ज्यानें दिल्लीच्या बादशाहीचा कारभार आपल्या हातीं घेतला त्या महादजी शिंद्यांसहि लोक 'पाटीलबाबा' म्हणत आणि त्यांना तें आवडे. सरदारी ही राजाच्या मर्जीची; गांवची पाटीलकी मात्र वंशपरंपरेची मिरास. म्हणून सरदार झालेलीं घराणींहि आपली पाटीलकी सोडीत नसत. हें वतन विकतां येई, गहाण ठेवतां येई, निमें वांटून देतां येई. अर्थात् एकाच गांवांत दोन निरनिराळ्या कुळांचे, क्वचित् दोन जातींचेहि पाटील असूं शकत. पाटील या आडनांवाच्या प्रसाराचें पहिलें कारण येथें आहे. पदाचें काम पाहणारा माणूस एक असे. पण पदाचें नांव त्याच्या साऱ्या भाऊबंदांस लागे, आणि चार पिढ्यांत एका पाटलाचें पन्नास पाटील होत.

गुजरातेंत ही वाढ आणखी निराळ्या वाटेनें झाली. तेथील मुख्य शेतकरी वर्ग कणबी. आपल्या 'कुणबी' शब्दाप्रमाणेंच हा शब्दहि 'कुटुंबिन्' या संस्कृत शब्दापासून आलेला. खेडा जिल्ह्यांतील चरोतर या सुपीक प्रदेशांत 'नरवा' नांवाची पद्धत होती. सबंध गांवचा धारा एकदम ठरे, आणि तो भरण्याची जबाबदारी गांवांतील कांहीं कुळें मिळून घेत. जमिनीचे प्रथम भाग आणि मग भागांच्या 'पाती' पडत. अशी पाती ज्याच्याकडे तो 'पाटीदार'. सरकाराशीं होणाऱ्या करारावर सही करण्याचा ज्यांस अधिकार, त्यांस 'मतादार' म्हणत. 'मतुं' म्हणजे सही. अशा रीतीनें जेथें आपल्याकडे पाटीलकीचा मान एका वडील घरांत राहिला, तेथें चरोतरांत तो अनेक घरांत वांटला गेला.

करमसद, नडियाद, वसो, सोजित्रा, धर्मज, भादरण या सहा गांवच्या पाटीदारांनीं तर आपसांतच सोयरीक करण्याचा कडक दंडक घातला होता. कांहीं घराण्यांनीं पटेल हें नांव टाकून अमीन, देसाई अशीं अधिकाराचीं दुसरीं नांवें धारण केलीं. इतरांची दृष्टि या पाटीदारांच्या इभ्रतीकडे लागलेली असे. पैसा हातांत आलेला कणबी प्रथम स्वतःस पाटीदार म्हणूं लागे, आणि नांवापुढें पटेल लावी. लेवा आणि कडवा हे कणब्यांचे दोन मोठे विभाग; दोहोंतहि हें नांव पसरत गेलें. १९३१ च्या खानेसुमारींत 'पाटीदार' ही संज्ञा सरकारी रीतीनेंच रूढ झाली. मूळ पदाचें नांव अशा क्रमानें एका मोठ्या समाजाचें आडनांव होऊन बसलें.

पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. कारण पटेल हें आडनांव एका समाजापुरतें कधींच नव्हतें. भडोच जिल्ह्यांतील सुनी वोहरा मुसलमान शेतकऱ्यांत पटेल आहेत. मुंबईंतील एका प्रख्यात पारशी घराण्याचें नांव पटेलच आहे. पारशी परंपरेप्रमाणें, १६९२ सालीं मुंबईंत रोगाची सांथ येऊन इंग्रजांची शिबंदी खचली असतां जंजिऱ्याच्या सिद्दीनें चाल केली. त्या वेळीं रुस्तुम दोराबजी यांनीं कोळ्यांची फौज जमवून त्याला परतविलें, आणि त्याबद्दल त्यांस कोळ्यांचे पटेल नेमण्यांत आलें. पारशी मनुष्य कोळ्यांचा पटेल होतो, यावरून तें नांव जातीचें नसून कामाचें होतें हें दिसतेंच.

मराठी मुलुखांतहि तसेंच. पाटील मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, आगऱ्यांत आणि कोळ्यांत आहेत. बेळगांव-विजापुराकडे लिंगायतांत आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे जैनांत आहेत. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्मानें जैन. निजामाच्या राज्यांत माली पाटील आणि पोलीस पाटील अशीं दोन पदें होतीं, आणि तेलंगणांत 'पटेल-पटवारी' ही जोडी थेट १९८० नंतरच्या काळापर्यंत टिकली. खानदेशांत तर दोन्ही रूपांचा संगमच झाला आहे. जळगांवकडील लेवा समाज आपलें मूळ गुजरातेंतलें सांगतो, स्वतःस लेवा पाटीदार म्हणवितो. पण आडनांव लावतो मराठी वळणाचें, पाटील. याच समाजांतील कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें माहेरचें आडनांव महाजन. चौधरी काय नि महाजन काय, दोन्ही गांवच्या पुढारपणाचींच नांवें.

इंग्रजी अमलांत या नांवांस कागदाचें बळ मिळालें. १८६७ च्या कायद्यानें गांवच्या पोलिसांची व्यवस्था लावली. १८७४ च्या वतन कायद्यानें कोणत्या गांवीं कोणतें घराणें हक्कदार याच्या याद्या कायम केल्या. पूर्वीं स्वतःचें नांव, बापाचें नांव आणि गांव एवढ्यावर ओळख भागे. आतां शाळेचा दाखला, कोर्टाचें समन्स, आगबोटीचें तिकीट अशा प्रत्येक ठिकाणीं तिसरा शब्द लागूं लागला. आणि ज्याला जो मानाचा शब्द जवळ सांपडला, त्यानें तो लावला. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळानें गुजरातेंतील शेतकरी हवालदिल झाला, त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेंत मोंबासापासून आंत रेल्वे घातली जात होती. चरोतरचे तरुण कारकून म्हणून, दुकानदार म्हणून तिकडे जाऊं लागले. केनिया-युगांडांत तीन पिढ्या काढल्यावर १९७२ सालीं इदी अमीनने आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडावयास लाविलें, तेव्हां सुमारें सत्तावीस हजार लोक ब्रिटनमध्यें गेले, व त्यांत पटेल पुष्कळ होते. अमेरिकेंत १९६५ च्या कायद्यानें दार उघडल्यावर तेथें गेलेल्या पटेलांनीं रस्त्यांवरील उतारूंच्या निवासगृहांचा धंदा एवढा वाढविला कीं, त्या धंद्याशीं तें नांव जोडलें गेलें. एका खेड्याच्या जमिनीचा पट्टा सांभाळणाऱ्याचें नांव, जेथें त्याच्या मालकीचा एक बांधहि नाहीं अशा देशांत रूढ झालें.

या नांवाच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग मात्र निराळाच आहे. पाटील हा सरकार आणि रयत यांच्या मध्यें उभा असे. वसूल त्यानें करावयाचा. आणि वसूल जड झाला तर गाऱ्हाणें घेऊन कचेरींत जावयाचें तेंहि त्यानेंच. एकाच माणसानें दोन्हींकडून बोलावें असें हें पद होतें, आणि पुष्कळ पाटलांनीं तें स्वार्थासाठीं वापरलें यांत शंका नाहीं. वेठ, दस्तुरी, दुबळ्याची जमीन खालीं घालणें हीं पापें गांवोगांवच्या आठवणींत आहेत. ज्यांच्या डोक्यावर त्या मानपानाचा भार पडला, त्या अस्पृश्य मानलेल्या जातींना पाटीलकीचा इतिहास गोड वाटण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच पदाची दुसरी बाजूहि विसाव्या शतकांत प्रखरपणें दिसून आली.

१९२८ सालीं बारडोली तालुक्यांत सरकारनें शेतसारा सुमारें बावीस टक्क्यांनीं वाढविला. करमसदच्या घराण्यांतील वल्लभभाई पटेल यांनीं सारा न भरण्याचा लढा चालविला. त्या लढ्यांत तालुक्यांतील अनेक पटेलांनीं आणि तलाट्यांनीं आपल्या जागांचे राजीनामे दिले. ज्यांनीं जप्तीचा हुकूम बजावावयाचा, तेच जागेवर नाहींत; मग सरकारचा हात शेतापर्यंत पोहोंचावा कसा? अखेर चौकशी नेमावी लागली, आणि वाढ सुमारें सहा टक्क्यांवर आली. वल्लभभाईंस सरदार हें नांव मिळालें तें येथें. आपल्याकडे नाना पाटील यांनीं तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळींत उडी घेतली, आणि १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकाराचें नेतृत्व केलें. कुलाबा जिल्ह्यांत अलिबागजवळच्या चरी येथें नारायण नागू पाटील यांनीं १९३३ सालीं कुळांचा संप उभा केला. कुळांनीं खोतांच्या जमिनी कसावयाच्याच नाकारल्या. हा संप १९३९ पर्यंत, सुमारें सहा वर्षें चालला. खोती नष्ट करणारें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें, आणि कायदा झाला १९४९ सालीं. एक पटेल, दोन पाटील. प्रांत निराळे, जाती निराळ्या, प्रतिपक्षी निराळे. या तिघांत आडनांवामुळें कसलेंहि नातें नव्हतें. साम्य एवढेंच कीं, त्या शब्दाच्या अर्थांत जें अर्धें कर्तव्य होतें, रयतेच्या वतीनें उभें राहण्याचें, तें त्यांनीं पुरें केलें.

पुढें पदच गेलें. महाराष्ट्रांत १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलाची जागा १९६३ च्या आरंभापासून रद्द झाली. वसूल तलाठ्याकडे गेला. गंमत अशी कीं, महाराष्ट्र राज्याच्या या कायद्याच्या इंग्रजी नांवांत शब्द आहे तो 'पटेल्स'. मुंबई इलाख्याच्या इंग्रजी दप्तरानें गुजराती आणि मराठी गांवच्या मुख्यास एकाच नांवानें ओळखलें होतें, तें वळण राज्यें वेगळीं झाल्यावरहि राहिलें. पोलीस पाटील अद्याप आहेत, पण ती नेमणूक आहे, मिरास नव्हे.

खारघराकडे परत वळूं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचें ठरलें. खारघर त्यांपैकीं एक. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांनीं जो लढा केला, त्याचे पुढारी उरणजवळच्या जासईचे दि. बा. पाटील. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं झालेल्या गोळीबारांत पांच शेतकरी मेले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व या लढ्यांतून सरकारला मान्य करावें लागलें. नव्या विमानतळास दि. बां.चें नांव द्यावें यासाठीं याच गांवांनीं २०२१ सालीं मानवी साखळ्या धरल्या. विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्यें उघडला.

आजच्या खारघरांतील पाटलाकडे पाटीलकी नाहीं, आणि बहुतेकांकडे शेतहि नाहीं. त्याच्या भातखाचरांवरून रस्ते गेले आहेत. इमारतींतील पटेलाची पाती चरोतरांत किंवा मेहसाण्याकडे कोठें तरी राहिली. तो ती कसत नाहीं, आणि त्याच्या मुलांस तिचा गटक्रमांकहि ठाऊक नसतो. दोघांचीं आडनांवें ज्या जमिनीवरून आलीं ती जमीन आतां दोघांच्याहि पायांखालीं नाहीं. नवीन गांवचे जुने आणि नवे रहिवासी एकमेकांस परके समजतात. जुन्यांस वाटतें आपलें घेतलें गेलें, नव्यांस वाटतें आपण पैसे मोजून आलों. या तक्रारींत तथ्य आहे, आणि ती आडनांवांच्या व्युत्पत्तीनें मिटणार नाहीं. परंतु दारावरच्या पाटीवरून शेजाऱ्याची जात, नातें किंवा परकेपणा ठरविण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ही पाटी मूळ कुळाची नव्हे, कामाची होती. गांवचा बांध कोठें आहे हें ज्यास ठाऊक, आणि तो सरकून कोणाचें नुकसान होत असेल तर ज्यानें प्रथम बोलावयाचें, त्याचें तें नांव. खारघरांत आज पाटीलकी कोणाचीच राहिलेली नाहीं. बोलावयाचें काम मात्र शिल्लक आहे, आणि त्याला आडनांवाची अट नाहीं.